शास्त्रीय नाव लेबलवरून काढू नका : नर्सरीवाल्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या सर्व नर्सरीवाल्या बंधुभगिनींस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपण पुणे–सोलापूर रस्त्यावरचे तीसेक जण एकत्र बसलो होतो. विषय होता कोकोपीटचे दर आणि ट्रान्सपोर्टचं भाडं. शेवटी शेवटी बोलणं लेबलवर आलं. एक दादा म्हणाले, "ही शास्त्रीय नावं सारखी बदलतात. छापलेली लेबलं वाया जातात, गिऱ्हाइकाशी वाद होतात. यंदाच्या दरपत्रकातून ती काढूनच टाकू. बाजारात चालतं तेवढंच नाव लिहायचं." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मीही तेव्हा काही बोलले नाही, आणि तेच मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र.

दादांचा राग मला समजतो, कारण तो माझाही होता. 2021 साली घरात ठेवायच्या झाडांना केवढी मागणी होती, तुम्हाला आठवत असेल. परराज्यातल्या एका पुरवठादाराच्या यादीतून मी 'कॅलेथिया लान्सिफोलिया'ची साठ रोपं मागवली. लांब, कडेला लाटा असलेलं पान, वरून पोपटी, त्यावर गडद हिरवे लहानमोठे ठिपके, आणि पाठीमागून जांभळं. माल चांगला खपला. दोन महिन्यांनी त्याच यादीत 'गोपर्टिया इन्सिग्निस' असं नाव दिसलं. पुढे 'नवीन' लिहिलेलं, फोटो नाही, दर जवळजवळ दीडपट. मी चाळीस रोपं मागवली. आली तेव्हा ती तीन-तीन पानांची होती, प्रवासात कोमेजून पानं वळलेली. मी ती वेगळ्या ओळीत ठेवली, वेगळं लेबल लावलं, वेगळा दर लावला.

महिन्याभराने संध्याकाळी शेडनेटमधलं पाणी बंद करायला गेले. ही झाडं अंधार पडू लागला की पानं उभी करतात, जांभळी पाठ बाहेर दिसते. दोन्ही ओळी एकाच वेळी उभ्या राहिल्या होत्या. मी खाली बसून एकेक पान हातात घेऊन पाहिलं. तीच लाट, तेच ठिपके, देठावर तीच बारीक लव. तिथंच पिशवीवर बसून फोनवर दोन्ही नावं शोधली. एकच झाड! 2012 साली संशोधकांनी कॅलेथियातल्या बहुतेक जाती गोपर्टिया या वंशात (शास्त्रीय नावाचा पहिला शब्द म्हणजे वंश) हलवल्या होत्या, आणि या झाडाचं तर दोन्ही शब्दांत नाव बदललं होतं. तोवर मी 'नवीन' म्हणून अकरा रोपं विकली होती. त्यातल्या दोन ताई आधी माझ्याकडूनच कॅलेथिया घेऊन गेलेल्या. त्यांना फोन केला, पैसे परत केले. त्या फोनवर मला किती संकोच वाटला ते मीच जाणते.

त्या रात्री मी शास्त्रज्ञांना पोटभर बोलले. पण नंतर विचार करताना लक्षात आलं, यादीत 'गोपर्टिया इन्सिग्निस, जुनं नाव कॅलेथिया लान्सिफोलिया' एवढी एक ओळ असती तर माझे पैसे गेलेच नसते. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती लबाडी मला उघडी पाडता आली ती शास्त्रीय नावांमुळेच. यादीत नुसतं 'रेनबो प्रेअर' किंवा 'सिल्क रॅटल' असं कुणीतरी ठेवलेलं बाजारू नाव असतं, तर मी आजही दोन ओळी दोन दरांनी विकत बसले असते. दादांनी सुचवलेला उपाय नेमका अशा पुरवठादाराच्या सोयीचा आहे.

नावं का बदलतात, हे त्यानंतर मी वाचत गेले. फार लांब जायला नको, आपल्या बांधावरची बाभूळ घ्या. 1753 साली स्वीडनच्या लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात तिला 'मिमोझा नायलोटिका' म्हटलं. नाईल नदीकाठची म्हणून नायलोटिका. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची मोजणी याच ग्रंथापासून सुरू होते. दुसऱ्याच वर्षी, 1754 मध्ये, फिलिप मिलरने 'अकेशिया' हा वंश वेगळा काढला. हा मिलर कोण? लंडनच्या चेल्सीतल्या औषधी वनस्पतींच्या बागेचा मुख्य माळी. आपल्यातलाच म्हणा ना. मुळात अकेशिया हा शब्द ग्रीकांनी इजिप्तच्या काटेरी बाभळीसाठीच वापरलेला. पुढे बाभळीला कुणी अकेशिया अरेबिका म्हटलं, आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत तेच सापडतं. मग कळलं की अरेबिका आणि नायलोटिका एकच. जे नाव आधी प्रसिद्ध झालं ते राहतं, असा नियम आहे. म्हणून अकेशिया नायलोटिका. माझ्या पिढीने हेच नाव शिकलं.

मग जनुकांचा अभ्यास सुरू झाला आणि दिसलं की अकेशिया म्हणून एकत्र बांधलेली ही मोळी खरं तर वेगवेगळ्या घराण्यांची आहे. आपल्याकडची बाभूळ, हिवर, देवबाभूळ एका घराण्यातली. खैर दुसऱ्या. आणि ऑस्ट्रेलियातली हजाराच्या आसपास झाडं, बहुतेक बिनकाट्यांची, तिसऱ्याच घराण्यातली. घराणी वेगळी झाली तर अकेशिया हे नाव कुणाकडे राहायचं? नियम म्हणतो, ज्या झाडावरून वंशाला नाव पडलं त्याच्याकडे. म्हणजे बाभळीकडे. पण तसं केलं तर ऑस्ट्रेलियातल्या हजारभर झाडांची नावं बदलावी लागणार. म्हणून 2005 साली व्हिएन्नाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत अपवाद करून अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांना देण्याची शिफारस पुढे आली. निम्म्याहून जास्त मतं, जवळजवळ 55 टक्के, त्या शिफारशीच्या विरोधात पडली. तरी ती मंजूर झाली, कारण समितीची शिफारस फेटाळायला 60 टक्के मतं लागत होती. 2011 मध्ये मेलबर्नला तोच निर्णय कायम झाला. बाभूळ झाली 'व्हॅचेलिया नायलोटिका', खैर झाला 'सेनेगालिया कॅटेचू'.

हा निर्णय मला आजही पटलेला नाही, हे मोकळेपणाने सांगते. आमच्या गावात बाभळीच्या शेंगांवर शेळ्या वाढल्या, औताला बाभळीचं लाकूड, दात घासायला बाभळीची काडी, आणि जिच्यावरून अकेशिया हे नाव पडलं तिच्याकडूनच ते काढून घेतलं. पण न पटलेला निर्णय आणि न कळलेला निर्णय यांत फरक आहे. कोकणात आणि गोव्यात सामाजिक वनीकरणात लावलेली ती बिनकाट्याची, कोयत्यासारख्या पानांची 'अकेशिया' झाडं सगळ्यांनी पाहिली आहेत. तिला आपण ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतो. तिचं अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस हे नाव जसंच्या तसं राहिलं. आता मला सांगा, उद्या एखाद्या संस्थेने मागणीपत्रात नुसतं 'अकेशिया, 500 रोपे' लिहिलं तर आपण काय पाठवायचं? आपल्या बाभळीचा पाला शेळ्या आवडीने खातात, ऑस्ट्रेलियन बाभळीकडे त्या बघतही नाहीत. नुसतं 'बाभूळ' लिहिलं तरी घोळ तोच, कारण वेडी बाभूळ आणखी वेगळी, ती तर मेक्सिकोकडून आलेली प्रोसोपिस, आता नेल्टुमा. इथे व्हॅचेलिया नायलोटिका हे अवघड नावच आपली आणि गिऱ्हाइकाची अब्रू राखतं.

बाभळीच्या गोष्टीत आणखी एक गंमत आपल्या कामाची आहे. मिमोझा, अकेशिया, व्हॅचेलिया असं आडनाव दोनदा बदललं, पण नायलोटिका तीच राहिली. झाड एका वंशातून दुसऱ्यात गेलं की नावाचा दुसरा शब्द बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जातो. माझ्या इन्सिग्निससारखे अपवाद असतात, पण पुष्कळ वेळा तुम्हाला दुसऱ्या शब्दावरून झाड ओळखता येईल. सान्सेव्हिएरिया ट्रायफॅसिआटा आता ड्रॅसिना ट्रायफॅसिआटा झाली. मायकेलिया चंपाका, आपला सोनचाफा, मॅग्नोलिया चंपाका झाला. आणि लागवडीच्या वाणाचं नाव तर वंश बदलल्याने अजिबात हलत नाही. पिवळ्या काठाची 'लॉरेंटाय' सान्सेव्हिएरियातही लॉरेंटायच होती आणि ड्रॅसिनातही लॉरेंटायच आहे. आपलं गिऱ्हाईक त्या पिवळ्या काठासाठीच पैसे मोजतं, तेव्हा तो शब्द लेबलवर आधी नीट लिहा.

आता तुळस. ओसिमम सँक्टम हे नाव आपल्याला तोंडपाठ. सँक्टम म्हणजे पवित्र. ते जाऊन ओसिमम टेन्युइफ्लोरम आलं तेव्हा माझ्याकडे एका काकांनी तक्रार केली की आपल्या तुळशीचं पावित्र्य या लोकांनी काढून घेतलं. तसं काही नाही. दोन्ही नावं लिनिअसचीच. टेन्युइफ्लोरम, म्हणजे नाजूक फुलांची, हे त्याने 1753 मध्ये दिलं आणि सँक्टम 1767 मध्ये. दोन वेगळी झाडं समजून त्याने दोन नावं दिली होती, ती एकच निघाली. मग चौदा वर्षं आधीचं नाव राहिलं. वृंदावनातल्या तुळशीला याने काही होत नाही. औषधी वनस्पती विकणाऱ्यांनी मात्र दोन्ही नावं लिहायलाच हवीत, कारण वैद्यांच्या आणि कारखान्यांच्या मागण्यांत जुनं नाव अजून सर्रास येतं.

टोमॅटोचं तर नाव फिरून मूळ घरी आलं. लिनिअसने त्याला वांग्या-बटाट्याच्या सोलॅनम वंशात ठेवलं होतं. तो मिलर माळी म्हणाला, याचं घर वेगळं, आणि लायकोपर्सिकॉन हे नाव रूढ झालं. दोनशेहून जास्त वर्षं आपण ते वापरलं. जनुकांनी लिनिअसची बाजू खरी ठरवली, आणि आता टोमॅटो पुन्हा सोलॅनम लायकोपर्सिकम आहे. हे नुसतं कागदावरचं नाही. जमिनीतून येणाऱ्या मर रोगाला कंटाळलेले शेतकरी आज जंगली वांग्याच्या खुंटावर बांधलेली टोमॅटोची कलमी रोपं मागतात. वांग्यावर टोमॅटो जगतो, कारण दोघं एकाच घरातले. नव्या नावात ते नातं सरळ दिसतं. कलम बांधणाऱ्या माणसाला नातं कळणं किती मोलाचं, हे मी तुम्हाला काय सांगू?

आपलं म्हणणं कुणी ऐकत नाही, असंही त्या दिवशी बोललं गेलं. यावर शेवंतीची हकिगत सांगते. 1961 साली एका रशियन शास्त्रज्ञाने बाजारातली शेवंती क्रिसँथेमम वंशातून काढून डेंड्रँथेमा वंशात घातली. अभ्यासाच्या दृष्टीने त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण जगभर लाखो लोक जिच्यावर पोट भरतात त्या फुलाचं नाव कुणाच्या तोंडी बसेना. फुलवाल्यांची, बागवाल्यांची नाराजी शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचली. त्यांच्यातल्याच काहींनी रीतसर प्रस्ताव लिहून क्रिसँथेमम हे नाव शेवंतीसाठी राखून ठेवा, अशी मागणी केली, आणि 1999 साली सेंट लुईसच्या परिषदेत ती कायम झाली. म्हणजे नियमांत आपल्यासाठी दार आहे. पण रागावून लेबल कोरं ठेवल्याने ते उघडत नाही, त्यासाठी कागदावर, कारणं देऊन लिहावं लागतं. बाभळीच्या वेळी आपण नर्सरीवाल्यांनीही असं लिहिलं असतं तर, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

एक बदल मला मनापासून पटला तोही सांगते. 2024 मध्ये माद्रिदच्या परिषदेत 'काफ्रा' हा शब्द नावांतून काढून 'आफ्रा' करायचं ठरलं. दक्षिण आफ्रिकेत तो शब्द काळ्या माणसांना हिणवण्यासाठी वापरला गेला, आणि दोनशेहून अधिक नावांत तो बसून होता. तिकडचा एक पांगारा एरिथ्रिना काफ्राचा एरिथ्रिना आफ्रा झाला. ज्या शब्दाने माणसाला शिवी बसते तो शब्द झाडाच्या गळ्यात कशाला? हे लेबल मी आनंदाने बदलीन.

राहिला प्रश्न मराठी नावांचा. मी मराठीची कमी अभिमानी नाही, आमच्या प्रत्येक लेबलवर पहिली ओळ मराठीच असते. पण नुसतं मराठी नाव पुरत नाही, हे चाफ्याइतकं कोण दाखवील? सोनचाफा मॅग्नोलिया. देवळाबाहेरचा खुरचाफा प्लुमेरिया, तो मूळचा अमेरिका खंडातला. हिरवा चाफा आर्टाबोट्रिस, सीताफळाच्या कुळातला. नागचाफा मेसुआ. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला, कंद लावतात त्याचे. पाच चाफे, पाच कुळं! उलट बकुळ घ्या, गोव्यात तिला ओंवळ म्हणतात, झाड एकच. सावंतवाडीहून आलेलं गिऱ्हाईक ओवळीचं रोप मागतं आणि आपला नवा पोरगा 'नाही आपल्याकडे' म्हणून परत पाठवतो, समोर बकुळीची शंभर रोपं उभी असताना. मिमुसॉप्स एलेंगी हे नाव 1753 पासून आजपर्यंत बदललेलं नाही. त्यातलं एलेंगी हे मल्याळी नाव आहे, मलबारातल्या वनस्पतींवरच्या सतराव्या शतकातल्या 'हॉर्टस मलाबारिकस'मधून आलेलं. त्या बारा खंडांच्या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि पहिल्या खंडात त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी निवेदन छापलेलं आहे. ज्यांना ही शास्त्रीय नावं परकी वाटतात त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तर माझी मागणी अशी. दरपत्रकातून शास्त्रीय नावं काढायचा विचार सोडून द्यावा. लेबलवर मराठी नाव, त्याखाली आजचं शास्त्रीय नाव आणि वाण, आणि बदल झालेला असेल तर 'जुने नाव' म्हणून आधीचं. नाव बदलल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी छापखान्यात पळायची काहीच गरज नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीसारखी संस्थासुद्धा तज्ज्ञांच्या गटापुढे बदल ठेवते आणि मगच स्वीकारते. रोझमेरीला साल्व्हिया म्हणायचं त्यांनी 2019 मध्ये मान्य केलं, संशोधन त्याआधी प्रसिद्ध झालं होतं. हाताशी असलेली लेबलं संपू द्या, पुढच्या छपाईला बदला. नाही तरी काही नावं परत फिरतात. करंजाचं पोंगॅमिया जाऊन मिलेशिया आलं, मधे डेरिसही होतं, आणि आता पुन्हा पोंगॅमिया पिनाटाच चालतं. जुनं नाव सोबत असेल तर या फिरण्याने आपलं काहीच अडत नाही.

मदर प्लँटच्या, म्हणजे ज्यावरून रोपं तयार करतो त्या मूळ झाडाच्या, पाटीवरचं जुनं नाव तर कधीच पुसू नका. आमच्याकडे मावशी रंगाने पत्र्याच्या पाट्या लिहितात. जुन्या नावाखाली नवं लिहितात, पुढे साल घालतात. एका पाटीवर आता तीन नावं झाली आहेत. कटिंग घेणाऱ्या मुलाला ती पाटी बघूनच झाडाची सगळी हकिगत कळते. कुठलं नाव आज मान्य आहे हे बघायला पैसे पडत नाहीत. लंडनच्या क्यू बागेचं 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' फोनवर उघडतं. जुनं नाव टाकलं की नवं सांगतं. नवीन माल घेण्याआधी एवढं केलंत तर माझ्यासारखे चाळीस रोपांचे पैसे वाया जाणार नाहीत.

आणि नवं नाव लावून जुनं झाड 'नवीन' म्हणून विकणं आपण सगळ्यांनी बंद करायला हवं. आपल्यातही हे चालतं, ते आपल्याला माहीत आहे. माझ्याकडून ते न कळत झालं, पण त्या दोन ताईंच्या पैशाला ते सारखंच.

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. गेल्या चार वर्षांत आपल्या भागात विकल्या जाणाऱ्या झाडांची मराठी, जुनी आणि नवी नावं मी तिच्यात लिहीत आलेय. साडेतीनशेच्या वर नोंदी झाल्या आहेत, काही चुकलेल्याही असतील. पुढच्या बैठकीला मी ती घेऊन येते. ज्यांना हवी त्यांनी झेरॉक्स काढून न्यावी, आणि चूक दिसली तर पेन्सिलीने तिथंच दुरुस्त करून द्यावी. दरपत्रक छापायला जायच्या आधी ती एकदा बघून घ्या, एवढीच विनंती.

आपली,
उरुळी कांचन परिसरातली एक नर्सरीवाली